लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये मुलीला घालावे का?

पुण्याच्या एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. पतीची एच-वन-बी व्हिसावर अमेरिकेतील आर्कान्सा राज्याच्या राजधानीत, लिटल रॉक येथे, बदली होत आहे. मुलगी राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववीत आहे. ऑफिसजवळचे आणि परवडणारे जे घर पाहिले आहे ते सेंट्रल हायस्कूलच्या हद्दीत येते. तिथल्या ओळखीच्या दोन भारतीय कुटुंबांनी मात्र सांगितले, की ती शहरातली शाळा आहे, रेटिंग बेताचे आहे, मुलेही 'तसलीच' आहेत, तेव्हा घर लांब उपनगरात घ्या. शाळा खरोखर कशी आहे, घर कुठे घ्यावे, दहावीची बोर्डाची परीक्षा देऊन यावे की आधी यावे, आणि इथल्या गुणांचे तिकडे काय होते, असे चार प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

मी अमेरिकेतील एका मध्यम आकाराच्या शहरात सार्वजनिक, म्हणजे सरकारी, हायस्कूलची काउन्सेलर, म्हणजे मुलांचे विषय आणि नोंदी पाहणारी समुपदेशक, म्हणून बरीच वर्षे काम करते आहे. सेंट्रलमध्ये मी नोकरी केलेली नाही, पण त्याच घडणीच्या शाळेत माझा रोजचा दिवस जातो आणि भारतातून आलेल्या मुलांची कागदपत्रे बहुधा माझ्याच टेबलावर येतात. माझे मत आधीच सांगते. मुलगी अभ्यासू असेल आणि घर सोयीचे असेल, तर सेंट्रलची धास्ती घेण्याचे काहीच कारण नाही. मात्र दाखल झाल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत तिला कोणत्या विषयाच्या कोणत्या पातळीच्या वर्गात बसवले जाते, याची काळजी जरूर घ्या. घर निवडताना लोक जेवढा जीव टांगणीला लावतात, त्याच्या निम्मे लक्ष जरी या वेळापत्रकाकडे दिले, तरी मुलीचा अधिक फायदा होईल.

रेटिंगचे आधी पाहू. घरे विकणाऱ्या संकेतस्थळांवर शाळेच्या नावापुढे दहापैकी जो आकडा दिसतो, तो मुख्यतः परीक्षांतील सरासरी गुणांवर बेतलेला असतो, आणि सरासरी गुणांचा सर्वांत घट्ट संबंध असतो तो घरच्या उत्पन्नाशी. आर्कान्सा राज्य स्वतःही शाळांना ए ते एफ अशी अक्षरे देते. त्यात विद्यार्थ्यांच्या प्रगतीचाही विचार असतो, त्यामुळे ती अक्षरे थोडी अधिक प्रामाणिक आहेत, पण अडचण तीच राहते. ज्या शाळेत दोन हजारांहून अधिक मुले आहेत, ज्यांत डॉक्टरांची आणि वकिलांची मुले आहेत आणि आईवडील दोन-दोन ठिकाणी राबतात अशा घरांतलीही आहेत, त्या शाळेची सरासरी यांतल्या कुणाचाच दिवस सांगत नाही. सेंट्रल ही नेमकी अशी शाळा आहे. तिथे एपी, म्हणजे महाविद्यालयीन पातळीच्या अभ्यासक्रमांची मोठी यादी आहे, राज्यातून नॅशनल मेरिट या शिष्यवृत्ती स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोचणाऱ्यांत तिची मुले वर्षानुवर्षे असतात, आणि त्याच इमारतीत वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठीचे वर्गही भरतात. उपनगरातल्या शाळेचा आकडा मोठा दिसतो, कारण तिथे अशी मागे पडलेली मुले कमी असतात. तिथले कॅल्क्युलस अधिक चांगले शिकवले जाते असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही.

आता 'तसली मुले' या शब्दांबद्दल. आपल्या मंडळींच्या तोंडी हे फार सहज येते, आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'कृष्णवर्णीय मुले' असाच असतो, हे मी स्पष्टच सांगते. ज्या शाळेविषयी हे बोलले गेले तिचा इतिहास माहीत असता, तर बोलणाऱ्यालाच संकोच वाटला असता.

सेंट्रलची इमारत 1927 मध्ये सुमारे 15 लाख डॉलर खर्चून बांधली गेली. दोन चौकांच्या लांबीची ही विटांची भव्य वास्तू त्या काळी देशातील सर्वांत सुंदर हायस्कूल म्हणून नावाजली गेली. दर्शनी दारावर महत्त्वाकांक्षा, व्यक्तिमत्त्व, संधी आणि पूर्वतयारी यांच्या चार मूर्ती आहेत. ती गोऱ्या मुलांसाठी होती. कृष्णवर्णीय मुलांसाठी 1929 मध्ये डनबार नावाची वेगळी शाळा उघडली. 17 मे 1954 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदाने वेगळ्या ठेवलेल्या सार्वजनिक शाळा घटनाबाह्य ठरवल्या. त्यावर लिटल रॉकच्या शिक्षण अधीक्षकांनी एक सावध योजना आखली: गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांचे एकत्रीकरण फक्त सेंट्रलपासून आणि तेही मोजक्या मुलांनी सुरू करायचे. 1957 साली शहराच्या पश्चिमेकडील सधन भागात हॉल हायस्कूल नव्याने उघडले, आणि ते मात्र तेव्हा पूर्णपणे गोरे राहिले. म्हणजे बदलाचा भार मध्यम आणि कामगार वर्गाच्या वस्तीने उचलायचा आणि श्रीमंतांनी पश्चिमेला सरकायचे, ही विभागणी त्या योजनेतच होती. आज तुम्हाला 'लांब उपनगरात घर घ्या' असा जो सल्ला मिळतो, त्याची मुळे इतकी जुनी आहेत.

पुढचे प्रसंग जगाला ठाऊक आहेत. राज्यपाल ऑर्व्हल फॉबस यांनी 2 सप्टेंबर 1957 रोजी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचे राखीव सैन्य, बोलावले. 4 सप्टेंबरला नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना परतवण्यात आले. त्यांतली एलिझाबेथ एकफर्ड निरोप न पोचल्यामुळे एकटीच आली होती. मागून ओरडणारा जमाव आणि पुढे वही छातीशी धरून चालणारी ती पंधरा वर्षांची मुलगी, हे छायाचित्र त्या दिवसाचे आहे. ती तुमच्या मुलीच्याच वयाची होती. 23 सप्टेंबरला नऊ जण बाजूच्या दाराने आत गेले, पण बाहेर जमाव बिथरल्याने त्यांना दुपारच्या आत काढावे लागले. तेव्हा अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 101व्या एअरबोर्न डिव्हिजनचे सैनिक पाठवले आणि 25 सप्टेंबरला ती मुले संगिनींच्या पहाऱ्यात वर्गात पोचली. पहारा वर्गाच्या दाराशी थांबत असे; आत, स्वच्छतागृहात आणि जिममध्ये वर्षभर जे धक्के-टोमणे चालले ते मुलांनीच सोसले. त्यांच्यातल्या मिनीजीन ब्राऊन हिने छळणाऱ्या मुलांवर जेवणाचा वाडगा ओतला, आणि पुढे तिलाच शाळेतून काढण्यात आले. नऊ जणांपैकी अर्नेस्ट ग्रीन मे 1958 मध्ये हायस्कूलची पदवी घेऊन बाहेर पडला, तेव्हा प्रेक्षकांत मार्टिन ल्यूथर किंग होते.

यानंतरचे वर्ष बाहेरच्यांना कमी माहीत असते, पण शाळेच्या आजच्या स्थितीसाठी तेच अधिक बोलके आहे. एकत्रीकरण टाळण्यासाठी फॉबस यांनी 1958-59 मध्ये शहरातील चारही सार्वजनिक हायस्कूले बंद ठेवली. 3,665 विद्यार्थ्यांचे वर्ष गेले. शिक्षक करारानुसार रोज रिकाम्या वर्गांत येऊन बसत. फुटबॉलचे सामने मात्र ठरल्याप्रमाणे झाले, यावरून अमेरिकी हायस्कूलमधली फुटबॉलची जागा कळावी. मे 1959 मध्ये शिक्षण मंडळातील एका गटाने एकत्रीकरणाला अनुकूल मानलेल्या 44 शिक्षक-कर्मचाऱ्यांना काढायचा घाट घातला, तेव्हा शहरातल्या महिलांनी आणि व्यापाऱ्यांनी मतदान घडवून त्या सदस्यांनाच घरी बसवले, आणि ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या. पुढे 1970च्या दशकात बसने मुले हलवून शाळा मिसळण्याचे न्यायालयीन आदेश लागू झाले, त्याच सुमारास शहरात खासगी शाळा उभ्या राहिल्या आणि ज्यांना शक्य होते ती गोरी कुटुंबे तिकडे किंवा आसपासच्या गावांत गेली. 1982 साली लिटल रॉक स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे शहरातल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थेने, शेजारच्या डिस्ट्रिक्टांवर आणि राज्यावर दावा लावला, तो तीन दशकांहून अधिक काळ चालला. जानेवारी 2015 मध्ये 48 पैकी 6 शाळा गुणवत्तेत मागे पडल्याचे कारण देऊन राज्याने पूर्ण डिस्ट्रिक्ट ताब्यात घेतला आणि निवडून आलेले मंडळ बरखास्त केले. त्या सहांत सेंट्रल नव्हती, हॉल होती. स्थानिक मंडळ पुन्हा निवडून आले ते 2020 च्या अखेरीस.

इतके सगळे सांगितले, कारण या सर्व उलथापालथीत सेंट्रल टिकली, आणि टिकली ती शहरातल्या सर्व थरांची मुले येत राहिल्यामुळे. शाळा आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. समोरच्या चौकात राष्ट्रीय उद्यान विभागाचे माहिती केंद्र आहे, पर्यटकांचे गट फुटपाथवरून फोटो काढत असतात आणि त्यांच्यामधून दप्तरे घेतलेली मुले वर्गात जात असतात. नववीतील मुले घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घेऊन मानवी हक्कांच्या आठवणी लिहून काढतात, असा एक उपक्रम तिथे चालत आला आहे. 2023 मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासाच्या एपी अभ्यासक्रमाला शाळा सुरू होण्याच्या तोंडावर मान्यता नाकारली, तेव्हा तो तरीही शिकवू असे ठरवणाऱ्या मोजक्या शाळांत सेंट्रल होती. शाळा राजकारणापासून अलिप्त नाही, आणि तिथली मुले त्यावर बोलायला शिकतात. मला स्वतःला हे शिक्षण मोलाचे वाटते. तुम्हाला ते त्रासदायक वाटत असेल, तर तेही आधी कळलेले बरे.

एक कडवी बाजू मात्र लपवणार नाही. अशा मोठ्या शाळांमध्ये मधल्या सुट्टीत आणि मैदानावर दिसणारी सरमिसळ एपीच्या वर्गात शिरल्यावर बरीच ओसरते. तिथे गोरी आणि आशियाई मुले प्रमाणाबाहेर जास्त, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुले प्रमाणाबाहेर कमी, असे चित्र देशभर आहे. एका छपराखाली दोन शाळा भरतात म्हणा. तुमच्या मुलीला या रचनेचा फायदाच होईल; पण 'चांगली शाळा' हे शब्द वापरताना आपण यातल्या कोणत्या शाळेबद्दल बोलतो आहोत, याचे भान असावे.

आता घराचे. लिटल रॉक ज्या पुलास्की काउंटीत आहे, तिथे एक नाही, चार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, आणि शहराची हद्द व डिस्ट्रिक्टची हद्द जुळत नाही. पश्चिमेकडील काही नव्या वसाहतींच्या पत्त्यात लिटल रॉक लिहिलेले असते, कर शहराला जातो, पण मुले काउंटीच्या वेगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये मोडतात. घरमालक किंवा दलाल जे सांगेल त्यावर विसंबू नका. लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, सही करण्यापूर्वी तो नेमका पत्ता, अपार्टमेंटच्या क्रमांकासह, डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला ईमेलने पाठवा आणि नववी ते बारावीची शाळा कोणती, हे लेखी उत्तरात मागवा. हद्दीबाहेरच्या शाळेसाठी बदलीचा अर्ज करता येतो, पण त्याची मुदत बहुधा उन्हाळ्याआधीच संपते, आणि उन्हाळ्यात येणाऱ्या कुटुंबाला उरलेल्या जागांवर भागवावे लागते. ब्रायंट, कॉनवे किंवा कॅबट यांसारख्या आसपासच्या गावांत राहण्याचा पर्याय वाईट नाही, पण त्यासाठी रोजचा महामार्गावरचा प्रवास, दोन गाड्या आणि मुलीचे सोळा वर्षांपर्यंत पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून राहणे हे हिशेबात धरा. या शहरात गाडीशिवाय पान हलत नाही. खासगी शाळेची फी भागवण्यासाठी राज्याने 2023 च्या कायद्यानुसार अनुदान खाती सुरू केली आणि 2025-26 पासून ती सर्वांना खुली केली, हेही कानावर येईल. पण अनेक खासगी शाळांची फी त्या रकमेहून बरीच जास्त असते, आणि एपीची एवढी मोठी यादी त्यांतल्या फार थोड्यांकडे आहे.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही म्हणून तो जरा तपशिलात लिहिते.

अमेरिकेत हायस्कूल नववीपासून सुरू होते. म्हणजे तुमच्या मुलीचे आत्ताचे नववीचे गुण तिकडच्या ट्रान्सक्रिप्टवर, कॉलेजला जाणाऱ्या अधिकृत नोंदीवर, चढतात. काउन्सेलरच्या हातात काय पडते ते पाहा. शाळेची एक पानी गुणपत्रिका असते. तिच्यावर गणित 78, विज्ञान आणि तंत्रज्ञान 81, मराठी 74, हिंदी 80, सामाजिक शास्त्रे 76 असे काहीसे लिहिलेले असते, आणि खाली शिक्का. आर्कान्सात ए म्हणजे 90 ते 100, बी म्हणजे 80 ते 89, सी म्हणजे 70 ते 79, ही श्रेणी सर्व सार्वजनिक शाळांना कायद्याने बांधलेली आहे. महाराष्ट्रातल्या कडक तपासणीची कल्पना नसलेला काउन्सेलर 78 पाहून सरळ सी लिहितो, आणि सी म्हणजे चारपैकी दोन. वर्गात पहिल्या दहांत असलेली मुलगी कागदावर सामान्य ठरते, आणि ती नोंद तीन वर्षे तिच्या सरासरीला खाली ओढत राहते. यावर उपाय दोन. पहिला, पुण्याच्या शाळेकडून लेटरहेडवर एक पत्र आणा, ज्यात शाळेची श्रेणीपद्धत, 75 टक्क्यांच्या पुढे विशेष प्राविण्य मानले जाते ही गोष्ट, आणि शक्य असल्यास मुलीचा वर्गातील क्रमांक लिहिलेला असेल. दुसरा, परदेशातील वर्षाला नुसते 'उत्तीर्ण' असे क्रेडिट, म्हणजे हायस्कूल पूर्ण करण्यासाठी मोजले जाणारे एकक, द्यावे आणि ते सरासरीत धरू नये, अशी विनंती लेखी करा. पुष्कळ डिस्ट्रिक्ट ती मान्य करतात, पण आपणहून सहसा कोणी सुचवत नाही.

गणिताचा पेच याहून मोठा आहे. तिकडे बीजगणित, भूमिती, वरचे बीजगणित, प्रीकॅल्क्युलस आणि कॅल्क्युलस असे एकेका वर्षाचे वेगळे विषय असतात. गुणपत्रिकेवर नुसते 'गणित' दिसले, की एकच क्रेडिट मिळते आणि मुलगी दहावीत पुन्हा भूमितीला बसते; मग बारावीपर्यंत कॅल्क्युलसला पोचायचे तर उन्हाळी वर्ग करावे लागतात. राज्य मंडळाच्या मुलांना इथे एक सोय आहे, जी फार जणांच्या लक्षात येत नाही. आपल्याकडे गणित भाग 1 आणि भाग 2 अशी दोन स्वतंत्र पुस्तके असतात, पहिले बीजगणिताचे आणि दुसरे भूमितीचे. शाळेच्या पत्रात दोन्ही भागांचे गुण वेगळे दाखवून सोबत अनुक्रमणिकेची प्रत जोडली, तर दोन स्वतंत्र विषयांसाठी रदबदली करता येते. मात्र एक खाच आहे. वर्गसमीकरणे आपल्याकडे दहावीत येतात आणि तिकडे ती पहिल्याच बीजगणितात असतात. समरूपता आणि वर्तुळाची प्रमेये यांचेही बरेचसे तसेच आहे. त्यामुळे निघण्यापूर्वीच्या सुट्टीत दहावीच्या पुस्तकातली वर्गसमीकरणे, समरूपता आणि वर्तुळ एवढी प्रकरणे तिच्याकडून करून घ्या, आणि शाळेत गेल्यावर पातळी ठरवणारी चाचणी आपणहून मागा. चाचणीत ती वरच्या बीजगणिताला पात्र ठरली, तर कागदोपत्री वाद आपोआप मिटतो.

विज्ञानाला बहुधा भौतिक शास्त्रांचे एक क्रेडिट मिळते आणि दहावीत जीवशास्त्र येते. ते ऑनर्स, म्हणजे वरच्या, पातळीचे मागा. मराठी आणि हिंदी या दोन्हींना परकीय भाषेची क्रेडिटे मिळू शकतात, ती सोडू नका. हायस्कूलच्या पदवीसाठी आर्कान्सात एकूण 22 क्रेडिटे लागतात. इंग्रजीची चार आणि गणिताची चार वर्षे सक्तीची आहेत, अमेरिकेचा इतिहास टाळता येत नाही, आणि नव्या कायद्यानुसार 75 तासांची समाजसेवाही करावी लागते.

हे सगळे पत्र-प्रपंच पुण्यातच उरका. शाळा सोडल्याचा दाखला घेतल्यानंतर सहा महिन्यांनी अमेरिकेतून फोन करून कार्यालयातल्या लिपिकाकडून गुणांची फोड मिळवणे किती जिकिरीचे असते, हे मी पालकांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. सीलबंद पाकिटात दोन प्रती घ्या आणि एक तुमच्यासाठी उघडी ठेवा.

दाखल्याच्या वेळी घरच्या भाषेचा एक फॉर्म भरावा लागतो. मुलीला 'कच्च्या इंग्रजीच्या' वर्गात घालतील या भीतीने बरेच मराठी पालक तिथे इंग्रजी लिहितात. तसे करू नका. खरे ते, मराठी, लिहा. मग तिची एक भाषाचाचणी होईल. इंग्रजी माध्यमातली मुलगी ती बहुधा सहज पार करते आणि विषय संपतो. पार झाली नाही, तर मिळणारी मदत फुकट असते आणि परीक्षेत काही सवलतीही मिळतात. त्यामुळे एपीचे दार बंद होत नाही, तसे कुणी म्हटले तर तो नियम लेखी दाखवा असे सांगा. लशींच्या बाबतीत कांजिण्यांचा दुसरा डोस आणि मेनिंजायटिसची लस या दोन ठिकाणी भारतीय मुले अडतात. दोन्ही पुण्यातच देऊन नोंद इंग्रजीत घ्या. जन्मदाखला, पासपोर्ट, लीज आणि विजेचे बिल एवढे असले, की दाखला होतो. व्हिसाचा प्रकार सार्वजनिक शाळेच्या प्रवेशाआड येत नाही.

दहावी करून यावे का, या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे, एका अपवादासह. नववीनंतर आली तर तिला तीन पूर्ण वर्षे मिळतात. दहावीनंतर आली तर कॉलेजचे अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच जात असल्यामुळे तिच्या हातात अमेरिकन शाळेचे एकच पूर्ण वर्ष असते. शिफारसपत्र देणारे शिक्षक तिला जेमतेम ओळखत असतात, आणि बोर्डाच्या प्रमाणपत्राला तिकडे कुणी विशेष विचारत नाही. अपवाद असा, की बदली दोन वर्षांचीच आहे आणि अकरावी-बारावीला परत येणे नक्की आहे. तसे असेल तर दहावी पूर्ण करूनच या, कारण अमेरिकन दहावीची समकक्षता मिळवण्यात भारतात जो वेळ जातो तो प्रवेशाच्या ऐन हंगामात जातो.

शाळेच्या रोजच्या दिवसाबद्दल थोडक्यात. अशा शहरी हायस्कूलमध्ये गळ्यात ओळखपत्र असते, एक पोलीस अधिकारी नेमलेला असतो, आणि वर्षातून काही वेळा दारे लावून अंधारात बसण्याचा सराव होतो. पहिल्यांदा ऐकून पालकांच्या पोटात गोळा येतो, पण हे सधन उपनगरांतही तसेच असते. मारामाऱ्या होतात, त्या बहुतेक आधीपासूनचे वैर असलेल्या मुलांत होतात, आणि नवीन आलेल्या अभ्यासू मुलीच्या वाट्याला त्या क्वचित येतात. तिच्या वाट्याला येतो तो एकटेपणा, विशेषतः जेवणाच्या सुट्टीत. त्यावर एकच उपाय लागू पडताना मी पाहिला आहे: शाळा सुरू होण्यापूर्वीच एखाद्या गटात शिरणे. बँड, धावण्याचा संघ, टेनिस यांचे सराव उन्हाळ्यातच सुरू होतात. ऑगस्टच्या मध्यास शाळा उघडेल तेव्हा तिला ओळखणारे चार चेहरे असले, म्हणजे पहिला महिना निभावतो. 2025-26 पासून आर्कान्सातील शाळांत पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत मोबाइल वापरायला बंदी आहे, हे या दृष्टीने बरेच झाले. निदान जेवताना मुले एकमेकांशी बोलतात.

सेंट्रल कुणाला मानवणार नाही, हेही सांगायला हवे. अमेरिकी शालेय समुपदेशकांच्या संघटनेची शिफारस 250 विद्यार्थ्यांमागे एक काउन्सेलर अशी आहे. प्रत्यक्षात बहुतेक सार्वजनिक शाळांत हे प्रमाण त्याहून जड असते. एवढ्या गर्दीत जी मुलगी स्वतःहून दार ठोठावते, तिचे काम होते. जी अजिबात बोलत नाही, चूक झाली तरी सांगत नाही, किंवा जिला शिकण्याची काही विशेष अडचण आहे आणि रोज कुणी तरी हाताला धरून न्यावे लागते, तिच्यासाठी लहान शाळा बरी. तुमची मुलगी यांपैकी कोणत्या स्वभावाची आहे हे कोणत्याही रेटिंगपेक्षा तुम्हालाच जास्त कळते. गणित-विज्ञानात ती खरोखरच पुढे असेल, तर हॉट स्प्रिंग्ज येथे राज्याची निवासी विज्ञान-कला शाळा आहे, तिचीही चौकशी करून ठेवा.

शेवटी पैशांविषयी, कारण हे बारावीत कळले तर फार उशीर होतो. ती एच-फोर, म्हणजे अवलंबितांच्या, व्हिसावर असेल तोवर तिला केंद्र सरकारची कॉलेजसाठीची आर्थिक मदत मिळणार नाही, आणि राज्याच्या लॉटरीतून मिळणारी शिष्यवृत्तीही नागरिक किंवा कायम रहिवाशांसाठीच आहे. वयाच्या एकविसाव्या वर्षी तिचा अवलंबिताचा दर्जा संपतो, म्हणजे बहुधा कॉलेजच्या मध्यावरच तिला विद्यार्थी व्हिसावर जावे लागेल. त्यामुळे पहिल्याच भेटीत काउन्सेलरला व्हिसाची स्थिती सांगा आणि अशा मुलांना शिष्यवृत्ती देणाऱ्या खासगी विद्यापीठांची यादी अकरावीपासूनच जमवायला लागा. धाकट्या भाच्याला किंवा पुतण्याला पुढे 'आपल्याकडे ठेवून शाळेत घालू' असा विचार घरात चालला असेल, तर विद्यार्थी व्हिसावर सार्वजनिक हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त बारा महिने शिकता येते आणि त्याचा पूर्ण खर्च कुटुंबाला डिस्ट्रिक्टकडे भरावा लागतो, हे त्यांना आत्ताच सांगून टाका.